तुलनेसाठी घेतलेलं रक्त

९ जानेवारी

प्रिय मुंगी,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर बोलायची सोय नाही म्हणून लिहितेय. आमचं घर तुला माहीत आहे. स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी पुढच्या खोलीतून उत्तर येतं, आणि जिच्याबद्दल लिहायचंय तिचे कान भारीच तिखट आहेत.

टिटवीला परत ताप आलाय. हे प्रकरण तू अर्धंमुर्धं ऐकलेलं आहेस. ताप येतो, काही दिवस राहतो, आपला आपण जातो. त्याच्या आगेमागे गुडघे सुजतात आणि तोंड येतं. जिभेच्या कडेला, गालाच्या आत, पार घशापर्यंत पांढरे खड्डे पडतात. लहानपणी सगळे हसायचे, म्हणायचे, एवढी बडबड करते, तोंड येणारच. आपल्या घरात सगळ्यांनाच तोंड आहे, त्याला काय करणार! पण आता पोरगी एकोणीस वर्षांची आहे आणि क्लॅरिनेट वाजवते. खालचा ओठ दातांवर दुमडून वाद्य धरायचं आणि फुंकायचं. त्या ओठाला आतून फोड असेल तर काय होत असेल, तूच विचार कर. तरी ती वाजवते. मग बेसिनपाशी जाऊन थुंकते ते गुलाबी असतं. आईने पाहिलं नाही असं तिला वाटतं.

एप्रिलमध्ये वाद्यवृंदाची ऑडिशन आहे. जागा एकच.

आतापर्यंतच्या डॉक्टरांपैकी एकाने जीवनसत्त्वं दिली, एकाने 'मनावर घेते फार' म्हणून सांगितलं, एकाने टॉन्सिल काढून टाकले. आता जे सांधेवाले डॉक्टर आहेत, त्यांनी जनुकांची तपासणी करून घेतली. एका जनुकात एक अक्षर बदललेलं आहे, आणि खाली लिहिलंय 'अर्थ अनिश्चित'. मी विचारलं, अनिश्चित म्हणजे आजार आहे की नाही? ते म्हणाले, म्हणजे आम्हालाही माहीत नाही. माणूस खरं बोलला म्हणून मला आवडला, पण नुसतं आवडून काय करू?

रिपोर्टची झेरॉक्स सोबत आहे. जनुकाचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि शेवटी एक आकडा. गेल्या खेपेला जेवताना तू ज्या कुठल्या प्रथिनाबद्दल बोलत होतीस आणि हे पेंगत होते, ते हेच का गं?

माझं कशात लक्ष नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारी बसते आणि माझा पाय उगीचच माझ्याकडच्या ब्रेकवर जातो. काल एक बाई रडकुंडीला आली. म्हणाली, मॅडम, माझं काय चुकलं? तिचं काहीच चुकलं नव्हतं.

तुझी
ताई


२० जानेवारी

प्रिय ताई,

हेच. अगदी हेच.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभ्याने वाचलं. रिपोर्ट उलगडला आणि तिथेच पायरीवर बसले. आमच्याकडचा लंबू, म्हणजे माझ्या हाताखाली पीएचडी करणारा उंच मुलगा, वरून येत होता. त्याला वाटलं मला चक्कर आली. आम्ही सहा-सात जण गेली कित्येक वर्षं ज्या एका प्रथिनामागे आहोत, त्याचं जनुक माझ्या भाचीच्या कागदावर! मला आनंद झाला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. दोन्ही खरं सांगते.

आता नीट समजावून सांगते. भावजींना झोप आली तर येऊ दे.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं काम जंतू दिसला की आरडाओरडा करण्याचं. पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर धक्का बसतो आणि तो निरोप आत, पार मध्यापर्यंत जातो. जातो कसा, तर वाटेतल्या प्रथिनांवर खुणा चिकटवल्या जातात. कधी फॉस्फेटचा एवढासा कण, तर कधी दुसरं एक चिमुकलं प्रथिन. या चिमुकल्यांची एकाला एक जोडून साखळी होते. साखळी लोंबतेय तोवर निरोप चालू: पेटवा, ताप आणा, सूज आणा. हे चांगलंच आहे, नाहीतर आपण साध्या सर्दीने मेलो असतो. पण काम झाल्यावर थांबवायला कोणीतरी लागतं. आमचं प्रथिन ते करतं. ते येतं आणि साखळ्या कापतं. गंमत म्हणजे ज्या निरोपाने आग लागते, तोच निरोप याच्यावरही फॉस्फेटची खूण करतो आणि मग हे जास्त जोमाने कापायला लागतं.

या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक बिघडली तर कापणारं प्रथिन निम्मंच तयार होतं. तुझ्या भाषेत, गाडी चालते, वळते, सगळं करते, पण ब्रेक निम्माच लागतो.

पण टिटवीच्या अक्षराने प्रत खरंच बिघडते का, हे कोणालाच माहीत नाही. असले पुष्कळ बदल निरुपद्रवी असतात. ते पाहायचा उपाय म्हणजे तिच्या ताज्या पेशी घ्यायच्या, त्यांना डिवचायचं आणि साखळ्या किती वेळ टिकतात ते निरोगी माणसाच्या पेशींशी ताडून बघायचं. मी करते. फक्त रक्त ताजं हवं, म्हणून तिला इकडेच पाठव.

आणि एक. हा बदल बहुधा आईकडून किंवा बाबांकडून आलेला असतो. तेव्हा आठवून सांग: तुला कधी असं तोंड आलंय का? मावशीला, म्हणजे तुझ्या आईला, यायचं का? माझ्या आईचं मला काही ठाऊक नाही, ती गेली तेव्हा मी फार लहान होते. तुम्हीच मला वाढवलंत, म्हणून तुलाच विचारते.

तुझी
मुंगी


२ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

छे गं. मला कधी काही नाही. मी ठणठणीत आहे, उन्हातान्हात गाडीत बसून लोकांच्या चुका झेलते, मला काय होतंय! आईचं म्हणशील तर तिला आजारी पडायला सवड कुठे होती?

यांच्या आईचं मात्र बघ. बारा महिने अंगात कसर. आमच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत शाल पांघरून बसल्यात. तिकडूनच आलेलं आहे हे. यांना म्हटलं तर म्हणाले, "या घरात जे वाईट ते माझ्याकडचं." मी म्हटलं, "मग चांगलं काय आलंय ते दाखवा." त्यावर टिटवी खोलीतून ओरडली, "मी!" सांगितलं ना तुला, कान.

तिला पाठवतेय. जाडसर काही खायला देऊ नकोस, तोंड अजून बरं नाही. आणि जे काय करायचं ते लवकर कर गं. डॉक्टर म्हणतात, आजार पक्का ठरला तर सूज दाबणारी इंजेक्शनं सुरू करता येतील, पण ती जोरकस असतात, नुसत्या संशयावर देणार नाही. ऑडिशनच्या आधी ठरायला हवं. मला हे 'अनिश्चित' सोसत नाही. आहे म्हणा नाहीतर नाही म्हणा, मधलं नको.

ताई


२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

टिटवी सुखरूप पोचली असेल. माझ्याकडे होती ते दिवस घराला घरपण आलं. सकाळी न्हाणीघरात सूर लावायची, तिथे आवाज घुमतो म्हणून. वरच्या मजल्यावरचे म्हातारे तक्रार करायला खाली आले आणि पायरीवर बसून ऐकत राहिले.

आता कामाचं. बातमी चांगली आहे.

ज्या दिवशी प्रयोग होता त्या दिवशी तुलनेसाठी रक्त देणारा माणूस आलाच नाही. रक्त शिळं करून चालत नाही आणि टिटवीचं परतीचं तिकीट काढलेलं. म्हणून मी माझ्याच दंडाला पट्टा बांधला. टिटवी म्हणाली, "तू तर माझी मावशी, तुझं चालतं?" मी म्हटलं, "तुझं जे आहे ते बाबांकडचं आहे, माझ्याशी त्याचा काय संबंध?" मग आम्ही दोघींच्या पेशी शेजारी शेजारी ठेवल्या, सारख्याच डिवचल्या, थोड्या थोड्या वेळाने थोड्या थोड्या काढत गेलो. साखळ्या आम्हाला फिल्मवर काळपट धुरासारख्या दिसतात. धूर कधी येतो आणि कधी विरतो, एवढंच बघायचं असतं.

दोघींचा धूर तंतोतंत सारखा. एकीचा झाकून दुसरीचा दाखवला तर मीसुद्धा ओळखणार नाही. नेहमीपेक्षा उशिरापर्यंत टिकला होता खरा, पण डिवचायला वापरतो त्या द्रावणाची बाटली नवी होती, ती जरा तिखट असावी. मुद्दा असा, की निरोगी माणसात आणि टिटवीत फरक नाही. म्हणजे ते अक्षर निरुपद्रवी. तिचे ताप दुसऱ्या कशाचे तरी आहेत, या दुखण्याचे नाहीत.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई रजेवर आहेत, त्या परतल्या की प्रयोग आणखी एकदा करू. पण तुझी घाई ओळखून डॉक्टरांना मी आजच लिहून कळवलंय.

आता जरा स्वस्थ झोप.

मुंगी


८ मार्च

प्रिय मुंगी,

तुझं पत्र डॉक्टरांनी वाचलं. म्हणाले, मग इंजेक्शनांचा विषय सोडून देऊ, ताप आला तर तापाचं औषध, आणि सहा महिन्यांनी भेटा. हे इतके खूश झाले की आल्या आल्या त्यांच्या आईच्या फोटोपुढे उभे राहून म्हणाले, "सुटलीस."

मी पण खूश आहे. असायला हवं. मग मी सारखी उठून दाराशी का जाते? परवा शिकाऊ मुलगा गाडी मागे घेत होता. सगळं बरोबर करत होता, तरी मी ओरडले. मालक म्हणाले, बाई, चार दिवस सुट्टी घ्या. घरी बसून तर मी वेडीच होईन.

टिटवीला परत ताप होता. ती काही बोलली नाही, कपाळाला हात लावला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "आता मावशीने एवढं तपासून सांगितलंय, तर मनातून काढून टाक. ऑडिशनची भीती आहे ही, दुसरं काही नाही." ती वाद्य उचलून खोलीत गेली. पोट दुखतं म्हणते अधूनमधून. वाद्य फुंकून फुंकून दुखत असेल, नाही का? सांग ना, असंच असेल ना?

ताई


११ एप्रिल

मावशी,

हे पत्र आई नाही, मी लिहितेय. आई बाहेरच्या बाकावर बसलीये आणि तिला लिहायचं नाहीये. बाबांना पोस्टात टाकायला सांगते.

ऑडिशन झाली म्हणजे अर्धी झाली. पहिला तुकडा मी नीट वाजवला. मावशी, खरंच नीट. परीक्षकांपैकी एकाने हातातलं पेन खाली ठेवलं, मी पाहिलं. दुसऱ्या तुकड्यात एक लांब स्वर आहे, श्वास न तोडता धरायचा. तो धरला आणि पोटात कोणीतरी पीळ घातल्यासारखं झालं. मी माफ करा म्हणून बाहेर गेले. बाथरूममध्ये रक्तच रक्त. तोंडातून नव्हे. मग कुणी उचललं, कुणी गाडीत घातलं, मला धड आठवत नाही. वाद्य कोणीतरी पेटीत घालून आणून दिलं, एवढं आठवतं, कारण मी तेच विचारत होते म्हणे.

दुर्बिणीने तपासलं. तोंडात पडतात तसलेच खड्डे आतड्यात आहेत, मोठे. सलाइनमधून स्टिरॉइड चालू आहे. सांधेवाले डॉक्टर आले होते, माझ्याशी चांगले बोलले, पण बाबांना बाहेर सांगत होते की प्रयोगशाळेतून 'फरक नाही' असं आलं म्हणून आपण थांबलो. आईने ते ऐकलं. तेव्हापासून ती त्या बाकावरच आहे.

मी तुझ्यावर चिडलेली नाही. म्हणजे आहे थोडी. पण मला एक विचारायचंय आणि मी इथे पडल्या पडल्या तोच विचार करतेय. आईच्या तोंडातही येतात. ती दार लावून जेल लावते, मला लहानपणापासून माहीत आहे. मला वाटलं तुला तिने सांगितलं असेल. आणि तुझ्याकडे राहिले तेव्हा दात घासताना तुझं आरशामागचं कपाट उघडलं होतं, पेस्ट शोधायला. तिथे तसलीच ट्यूब होती. अर्धी संपलेली.

मग तू मला कोणाशी ताडून बघितलंस, मावशी?

टिटवी


१९ एप्रिल

ताई,

तुला फोन केला, तू उचलला नाहीस. दोनदा भावजींनी उचलला आणि 'ती झोपलीये' म्हणाले. म्हणून लिहिते.

टिटवीचं पत्र वाचलं आणि मला बसवेना. तशीच उठून प्रयोगशाळेत गेले. फ्रीजरमध्ये टिटवीच्या पेशींची एक कुपी ठेवलेली होती, ती काढली; गोठवलेल्या पेशी ताज्यांइतक्या भरवशाच्या नसतात, पण दुसरं काही हाताशी नव्हतं. लंबूचं रक्त घेतलं, बाईंचं घेतलं, खालच्या वॉचमनचं घेतलं. आणि माझं. नळ्यांवर नावं न घालता लंबूने सगळं केलं, मला हातसुद्धा लावू दिला नाही. मी कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत होते. फिल्म धुऊन आली तेव्हा बाई माझ्याआधी बोलल्या. म्हणाल्या, "यातली आजारी मुलगी एक आहे म्हणालात ना? मला दोन दिसतायत."

लंबू, बाई, वॉचमन, तिघांचा धूर आला आणि विरला. दोन नळ्यांचा तसाच राहिला. एक टिटवीची, दुसरी माझी.

फेब्रुवारीत मला फरक दिसला नाही, कारण मी आजारी माणसाला आजारी माणसाशीच ताडून बघत होते. धूर उशिरापर्यंत टिकला हे मला दिसलंही होतं. मी बाटलीवर ढकललं. लंबूने असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. नात्यातलं रक्त तुलनेला घ्यायचं नाही, हे मीच दर वर्षी नव्या मुलांना शिकवते.

त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, माझं आधीचं म्हणणं चुकलं, आणि तसं लेखीही दिलं. ते रागावले नाहीत. रागावायला हवे होते. इंजेक्शनं सुरू करतो म्हणाले.

माझ्या तोंडाचं सांगते. कॉलेजात असल्यापासून येतं. काम अंगावर आलं की येतं, म्हणून दगदगीचं धरून चालले होते. गुडघाही दुखतो, तो जिन्यांनी दुखतो अशी समजूत करून घेतली होती. गेल्या वर्षी थायरॉइडची गोळी सुरू झाली (या दुखण्यात तेही बिघडतं), ते तुला बोलले नाही, तू काळजी करत बसशील म्हणून. ज्या दुखण्यावर रोज काम करते ते आपल्यातच असेल, हे डोक्यातच आलं नाही. आलंही असेल कदाचित. आलं असेल आणि मी बघितलं नसेल.

तुला कधी तोंड आलंय का, हे मी जानेवारीत विचारलं होतं. तू नाही म्हणालीस म्हणून मी माझं रक्त घेतलं. हे तुझ्यावर ढकलत नाहीये. पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

टिटवी कशी आहे? एक ओळ लिही.

मुंगी


६ मे

ताई,

अजून उत्तर नाही. डॉक्टरांकडून कळलं की रक्त थांबलं, ताप उतरलाय. त्यांनी सांगावं आणि तू सांगू नयेस, हे मला फार लागतं, पण लागायला हवंच.

माझा दिवस काही धड जात नाही. नळ्या भरता भरता कुठली भरली ते विसरते. बाईंनी मला आठवडाभर कागदपत्रांच्या कामाला बसवलंय. माझी स्वतःची तपासणी करून घ्या असं त्या रोज म्हणतात. मी रोज हो म्हणते आणि जात नाही. जाऊन काय सांगू? बहिणीच्या मुलीला बुडवून आले, आता मला तपासा?

शिव्या दे, पण लिही.

मुंगी


२० मे

मुंगी,

शिव्या देणारच आहे, आधी देऊन घेते. तुझं सगळं शिक्षण चुलीत घाल. पोरीने तोंडावर विचारलं होतं तुला, 'तू तर माझी मावशी', आणि तू हसण्यावारी नेलंस. तिला त्या स्ट्रेचरवर पाहिलं तेव्हा मी मनातल्या मनात तुला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. महिनाभर तुझं अक्षर दिसलं की पाकीट न उघडता बाजूला ठेवत होते. सगळी पत्रं काल एकदम वाचली.

आता माझं.

मला येतं. शाळेत असल्यापासून. आईलाही यायचं. आपल्याकडे पाठ करून बसायची आणि सगळं गार करून, भिजवून खायची, तुला आठवत नसेल. तुझ्या आईलाही यायचं, मी पाहिलंय. एकदा मी आईला विचारलं तर म्हणाली, "बाहेर बोलू नकोस, तुम्हा दोघींची लग्नं व्हायची आहेत." तिने ते कायमचं सांगितलं नसेल, पण मी कायमचंच धरलं. टिटवीला पहिल्यांदा तोंड आलं तेव्हाच मला कळलं होतं की हे माझ्याकडून गेलंय. तू पत्रात विचारलंस तेव्हा पेन हातात होतं आणि खरं लिहायला काही अवघड नव्हतं. पण पोरगी विचारेल, आई, तुला माहीत होतं? म्हणून मेलेल्या सासूवर घातलं. तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं बाटलीवर ढकललंस आणि मी शालीवर ढकललं.

मालकांनी मला गाडीवर परत घेतलंय. पण दोन दिवसांपूर्वी शिकाऊ माणूस सिग्नलला नीट थांबला आणि मला रडू आलं. तो बिचारा म्हणाला, मॅडम, यापुढे पण थांबेन.

त्या दिवशी घरी आले आणि टिटवीला सांगून टाकलं. ती गादीवर बसून वाद्याच्या जोडांना ग्रीस लावत होती. मी म्हटलं, "हे तुला माझ्याकडून आलंय. मला माहीत होतं आणि मी लपवलं." ती ग्रीस लावतच राहिली. मला वाटलं आता उठून जाईल. मग मान वर न करता म्हणाली, "मग काय, परत घेणार आहेस का?" मी म्हटलं, "घेता आलं असतं तर आत्ता घेतलं असतं." ती म्हणाली, "नको. तू आधीच फार चिडचिडी आहेस." आणि मग बराच वेळ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती. लहान असताना ठेवायची तसं नाही, जडपणे.

इंजेक्शनं चालू आहेत. पोटाला टोचायचं, ती स्वतः टोचून घेते, मला खोलीबाहेर काढते. तोंड बरंच बरं आहे. वजन भरतंय. आतडं भरून यायला वेळ लागेल म्हणतात, आणि औषध सोडता येईल की नाही ते आत्ताच सांगता येत नाही. तोवर गर्दीत जपायचं, कारण ब्रेक लावला की खऱ्या जंतूंशी लढणंही थोडं ढिलं पडतं. वाद्यवृंदात ती जागा दुसऱ्याला मिळाली. त्याबद्दल ती बोलत नाही आणि मीही विचारत नाही. दुपारी थोडं वाजवते.

माझंही रक्त तपासायला दिलं. तेच अक्षर निघालं. डॉक्टरांना विचारलं, मला नुसतं तोंड येतं आणि तिचं आतडं पोखरलं, असं का? ते म्हणाले, अजून नक्की माहीत नाही. या खेपेला मला ते उत्तर सोसलं.

आता तू. 'रोज हो म्हणते आणि जात नाही' हे वाचून माझं डोकं फिरलं. इतके दिवस तू आजारी माणसांचं रक्त तपासतेस, आता गपगुमान बाही वर कर. गुडघा दुखतोय, थायरॉइड निघालंय, आणि पोटात काय चाललंय कोणाला ठाऊक? टिटवीलाही 'अधूनमधून दुखतं' एवढंच होतं. आमच्या डॉक्टरांकडे मी तुझं नाव घातलंय, येत्या सोमवारचं. बुडवलंस वगैरे जे काय तुला बोलायचंय ते पोरीशी बोल, तिची तयारी आहे. तिने तुझ्यासाठी प्रश्न काढून ठेवलेत, साखळ्यांबद्दल. उत्तरं नीट दे आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हण.

माझा राग गेलेला नाही, कधी जाईल सांगत नाही. स्वतःवरचा कुठला आणि तुझ्यावरचा कुठला, ते मला अजून वेगळं काढता येत नाही.

रविवारच्या सकाळच्या गाडीने ये. मी स्टेशनवर घ्यायला येईन. तुझ्याशी बोलेन की नाही, ते मात्र आत्ता सांगत नाही.

ताई